‘नळ्या नकोत’ हे कुणाला, कधी आणि कसं सांगायचं?

मागच्या अंकात लिव्हिंग विलची ओळख करून दिली होती. शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत, हे शुद्धीवर असताना लिहून ठेवायचं, तो हा कागद. त्यावर सातारा-सांगलीकडून आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच होता : कागद केला, पण ऐन वेळी त्याचं कुणी ऐकलं नाही. म्हणून या खेपेला फक्त ऐन वेळेबद्दल. अतिदक्षता विभागातले डॉक्टर, पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे बरा न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या सेवेच्या, परिचारिका आणि वकील यांनी मिळून ही उत्तरं दिली आहेत. पत्रलेखकांची नावं गाळली आहेत.

सासूबाई ८४ वर्षांच्या. हृदयाचं पंपिंग २० टक्के. गेल्या वर्षी वकिलाकडून रीतसर लिव्हिंग विल केलं. मध्यंतरी एकदा रात्री दोनला धाप लागली, आडवं होता येईना. १०८ बोलावली. मी कागद दाखवला. डॉक्टरांनी एक नजर टाकून बाजूला ठेवला, ऑक्सिजन लावला आणि साताऱ्याला हलवलं. चार दिवसांनी त्या घरी आल्या, ते ठीकच. पण मग कागद केला कशाला? (वाई)

त्या डॉक्टरांचं चुकलं नाही. लिव्हिंग विल हा ॲम्ब्युलन्सच्या डॉक्टरला दिलेला हुकूम नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ ला त्याला मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ ला त्याची पद्धत सोपी केली. सोपी केलेली पद्धतही अशी आहे : पेशंट स्वतः निर्णय सांगण्याच्या स्थितीत नसावा, आजार बरा होण्याची आशा नसावी, रुग्णालयाने कागद खरा असल्याची खात्री करावी, मग डॉक्टरांचं एक मंडळ, त्यानंतर दुसरं मंडळ, आणि अंमल करण्याआधी मॅजिस्ट्रेटना कळवणं. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं असतं. रात्री दोन वाजता तुमच्या माजघरात यातलं काही होणार नव्हतं.

शिवाय त्या रात्री आला तो शेवट नव्हता. फुप्फुसात पाणी साठलं होतं. टेकून बसवणं, ऑक्सिजन आणि शिरेतून लॅसिक्स (लघवीवाटे पाणी काढणारं औषध) एवढ्यावर बऱ्याचदा तासाभरात धाप उतरते. ‘नळ्या नकोत’ म्हणणाऱ्या माणसाला गुदमरून मरायचं असतं असं थोडंच आहे? सासूबाईंच्या कागदात ऑक्सिजन नाकारलेला असेल, असं आम्हाला वाटत नाही.

त्यांना खरी गरज आहे ती वेगळ्या नोंदीची. तिला डॉक्टर डीएनएआर म्हणतात. हृदय बंद पडलं तर छाती दाबून ते पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न करू नये, एवढाच तिचा अर्थ. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २०२० मध्ये याची मार्गदर्शक तत्त्वं आणि फॉर्मचा नमुना प्रसिद्ध केला आहे. उपचार करणारे डॉक्टर पेशंटशी बोलून, आणि पेशंट बोलू शकत नसेल तर जवळच्या माणसांशी बोलून, ही नोंद करतात. त्यासाठी मंडळं लागत नाहीत. सलाइन, अँटिबायोटिक, ऑक्सिजन, लॅसिक्स सगळं चालू राहतं. ‘डीएनएआर लिहिलं म्हणजे डॉक्टरांनी हात झटकले’ हा समज नातेवाइकांत आहे, आणि खेदाची गोष्ट म्हणजे काही वॉर्डांतल्या कर्मचाऱ्यांतही आहे.

छाती दाबणं म्हणजे काय, ते एकदा नीट ऐका. छातीच्या मध्यावर दोन्ही तळहात ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, प्रत्येक वेळी ५ ते ६ सेंटिमीटर खोल. इतक्या वयात बरगडी मोडते तेव्हा दाबणाऱ्याच्या तळहाताला ते कळतं. चाळिशीचा माणूस बाजारात अचानक कोसळला तर हेच दाब त्याला परत आणू शकतात, आणि तिथे क्षणभरही थांबू नये. पण ज्या देशांत ही यंत्रणा उत्तम आहे, तिथेही रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्या दहांपैकी साधारण एकच जण जिवंत घरी जातो. मुळात हृदयच थकून थांबत असेल तर आशा त्याहून फार कमी.

तर पुढच्या तपासणीला हृदयरोगतज्ज्ञांना सांगा, डिस्चार्ज कार्डावर किंवा केसपेपरवर ही नोंद सही, शिक्का, तारखेसह करून द्या. दर वेळी ॲडमिट करताना ती नव्याने करून घ्यावी लागते. मागच्या खेपेची आपोआप लागू होत नाही. तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून औषधांच्या डब्यालाच बांधून ठेवा. आणि १०८ आली की कागद हातात देण्याआधी तोंडाने सांगा : ‘हार्ट फेल्युअरच्या जुन्या पेशंट आहेत. धाप कमी करा, दवाखान्यात न्या. पण हृदय थांबलं तर दाबू नका आणि घशात नळी घालू नका. त्यांचा स्वतःचा निर्णय आहे, डॉक्टरांनी इथे लिहिलाय.’ डॉक्टरला शंका वाटली तर तो तरीही सुरू करेल. अशा वेळी दारात वाद घालू नका, बरोबर जा. रुग्णालयात पोचल्यावर ते थांबवता येतं.

मी ७१, पत्नी ६८. दोघांचं लिव्हिंग विल करायचं आहे. वकिलांनी एक तयार नमुना दिला, त्यात ‘असाधारण उपाय करू नयेत’ असं एक वाक्य आहे. एवढं पुरे का? स्टँपपेपर किती रुपयांचा? महापालिकेत कुणाकडे द्यायचं? (विश्रामबाग, सांगली)

पुरे नाही. मजकूर मोघम असेल तर त्यावर अंमल करू नये, असं २०१८ च्या निकालातच आहे. ‘असाधारण’ म्हणजे काय, यावर कॅज्युअल्टीत पाच जणांची पाच मतं होतात. कुठल्या अवस्थेत आणि काय नको, हे दोन्ही लिहा. उदाहरणार्थ असं :

‘मला बरा न होणारा आजार शेवटच्या टप्प्यात असेल, किंवा मेंदूला अशी इजा झाली असेल की मी माणसं ओळखण्याइतका परत येण्याची वाजवी शक्यता डॉक्टरांना वाटत नसेल, आणि मी स्वतः निर्णय सांगू शकत नसेन, तर छातीवर दाब व शॉक देऊ नये, व्हेंटिलेटर लावू नये, लावला असल्यास काढावा, डायलिसिस करू नये, नाकातून वा पोटातून नळीने अन्न देऊ नये. वेदना, धाप व तळमळ कमी करणारी औषधं द्यावीत, त्यांनी गुंगी आली तरी चालेल. अपघात, सर्पदंश, विषबाधा, बरा होणारा न्यूमोनिया यांत मात्र सर्व उपचार करावेत.’

शेवटचं वाक्य गाळू नका. मण्यार चावलेला माणूस व्हेंटिलेटरवर डोळ्याची पापणीही हलवत नाही. बघणाऱ्याला वाटतं, संपलं. तोच काही दिवसांनी चालत घरी जातो. द्राक्षबागेत फवारणीचं औषध अंगात भिनलेल्याचंही तसंच. शिराळा-तासगावच्या डॉक्टरांना हे सांगायला नको, पण तुमच्या पुण्याच्या पुतण्याला ठाऊक नसतं.

दोघांचे कागद वेगळे करा. प्रत्येकाने दोन साक्षीदारांसमोर सही करायची. साक्षीदार शक्यतो त्रयस्थ असावेत, वारस तर नकोतच. त्यावर नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन हवं, आणि हे स्वखुशीने, समजून-उमजून केलं आहे अशी त्यांची नोंद हवी. पूर्वी यासाठी मॅजिस्ट्रेटकडे जावं लागायचं. २०२३ पासून नाही. न्यायालयाने घातलेल्या अटींत स्टँपपेपरची अट नाही. नोटरीने मागितलाच तर वाद न घालता लावा, पण त्यांच्या रजिस्टरमधला अनुक्रमांक कागदावर आला आहे ना, ते तिथेच बघून घ्या.

तुमच्या वतीने बोलणाऱ्याचं नाव लिहावं लागतं, आणि एकाहून जास्त नावं चालतात. नवरा-बायकोने एकमेकांची नावं घालून थांबू नये. तुम्ही ८३ चे व्हाल तेव्हा त्या ८० च्या असतील. एक नाव पुढच्या पिढीतलं आणि तासाभरात दवाखान्यात पोचू शकणारं हवं. त्या माणसाला समोर बसवून मजकूर मोठ्याने वाचून दाखवा. पुढे मंडळांच्या निर्णयाला त्याचीच संमती लागणार आहे. ती तो नेमका त्याच दिवशी देऊ शकला नाही, तर सगळं अडतं. ‘कागद पुतण्याच्या नावाने आहे, पण पुतण्याला माहीतच नाही’ असं फार वेळा होतं.

एक प्रत नाव घातलेल्या प्रत्येकाला, एक फॅमिली डॉक्टरला, एक स्थानिक स्वराज्य संस्थेला. तिथे हे कागद सांभाळणारा अधिकारी, म्हणजे कस्टोडियन, नेमलेला असायला हवा. मुंबई उच्च न्यायालयातल्या जनहित याचिकेनंतर राज्य सरकारने असे अधिकारी नेमले आहेत. तुमच्यासाठी सांगली-मिरज-कुपवाड महापालिका, गावाकडच्यांसाठी नगरपरिषद किंवा पंचायत. खिडकीवर ‘असलं काही आमच्याकडे नसतं’ असं उत्तर मिळालं तर परत फिरू नका. आयुक्तांच्या नावाने चार ओळींचं पत्र जोडा, आवक विभागात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. उद्या रुग्णालय खातरजमा करायला निघेल तेव्हा हा क्रमांकच कामाला येतो. मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका. लॉकर रविवारी उघडत नाही.

मन बदललं तर केव्हाही लेखी रद्द करता येतं. दोन कागद निघाले तर शेवटी सही केलेला धरतात.

ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीला मी एकटाच मेडिकल ऑफिसर. पहाटे ७८ वर्षांचे गृहस्थ जीपमधून आणले. बेशुद्ध, घोरल्यासारखा श्वास, जुना पक्षाघात, सहा महिने अंथरुणावर. कागद कुठलाच नाही. मुलगा म्हणतो काही करू नका, पुतण्या म्हणतो सगळं करा, फोनवर पुण्याची मुलगी रडतेय. मी नळी घातली आणि मिरजेला पाठवलं. बरोबर केलं का? (जत तालुका)

माहिती नाही, नातेवाइकांत एकमत नाही आणि तुम्ही एकटे. अशा वेळी सुरू करणं हेच बरोबर. तातडीचे उपचार देणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९८९ मध्येच सांगितलंय. पण पुढच्या वेळेसाठी काही गोष्टी.

कुणाच्याही इच्छेबद्दल बोलण्याआधी बोटातून साखर बघा. अंथरुणावरच्या मधुमेही म्हाताऱ्याने जेवण सोडलं आणि घरच्यांनी गोळी चालू ठेवली, तर ग्लुकोमीटरवर ३५ दिसतो. २५ टक्के डेक्स्ट्रोजचे १०० मिली गेले की ‘शेवटचे क्षण’ मोजणारा माणूस डोळे उघडतो. झोपेच्या गोळ्या, फिट येऊन गेलेली, घशात अडकलेला कफ हेही तेवढ्यातच तपासून होतं. कुशीवर वळवणं, सक्शन, ऑक्सिजन. यात पाच मिनिटं जातात, आणि त्या पाच मिनिटांत भावकी जरा शांत होते.

मग बोलायला एकालाच आत घ्या. सर्वांत मोठा आवाज असलेल्याला नको. रोज अंग पुसणारा, भरवणारा जो असेल त्याला, बहुधा सुनेला. ‘सगळं करू का?’ हा प्रश्न विचारू नका. त्याला ‘नको’ म्हणण्याची हिंमत कुणातच नसते, कारण ते बापाला मारल्यासारखं वाटतं. विचारा : ‘गेल्या महिन्यात त्यांचा दिवस कसा जायचा? कुणाला ओळखत होते का? गावात कुणी मशीनवर गेलं तेव्हा ते काही बोलले होते का? आत्ता बोलता आलं असतं तर काय म्हणाले असते?’ उत्तर बहुतेक वेळा तिथेच मिळतं, आणि निर्णयाचं ओझं मुलाच्या खांद्यावरून उतरतं.

मत फुटलेलंच राहिलं तर मुदतीचे उपचार सुचवा : आता नळी घालतो, ४८ ते ७२ तास बघू, सुधारणा नसेल तर पुढे वाढवायचं नाही, यावर मिरजेचे डॉक्टर तुमच्याशी बोलतील. एकमत असेल आणि आजार खरोखर शेवटचा वाटत असेल, तरी एकट्याने ठरवू नका. नेहमीच्या डॉक्टरला किंवा फिजिशियनला फोन लावा आणि त्यांचं नाव, वेळ, मत केसपेपरवर घ्या.

गडबड होते ती रेफरल स्लिपमध्ये. ‘व्हेंटिलेटरसाठी पाठवत आहे’ एवढंच लिहिलेलं असतं, म्हणून पुढच्या कॅज्युअल्टीत सगळं पहिल्यापासून सुरू होतं. असं लिहा : ‘पहाटे ४.१०. जीसीएस (शुद्धीची पातळी) ५, साखर १४२. सहा महिने अंथरुणाला, माणसं ओळखत नव्हते असं सून सांगते. मुलगा व सून यांचं मत : व्हेंटिलेटर नको. पुतण्या व मुलगी : सर्व उपचार हवेत. मतभेद असल्याने नळी घातली. ७२ तासांनी फेरविचार व्हावा असं नातेवाइकांना सांगितलं आहे.’ लिहायला दोन मिनिटं लागतात. यामुळे कदाचित पंधरा दिवसांचा आयसीयू टळेल.

नळी घालायची नाही असं ठरलं, तर ‘काही केलं नाही’ असं होऊ देऊ नका. घशातल्या घरघरीला ग्लायकोपायरोलेट ०.२ मिलीग्रॅम, धापेला मॉर्फिन असल्यास शिरेतून १ ते २ मिलीग्रॅम, किडनी खराब असेल तर त्याहून कमी. तळमळीला मिडाझोलाम १ मिलीग्रॅमपासून. पडदा ओढून एक खाट, दोन खुर्च्या. मॉर्फिन फक्त मान्यताप्राप्त संस्थांकडे मिळतं. २०१४ च्या कायदादुरुस्तीनंतर ही मान्यता मिळवणं सोपं झालं आहे. तुमच्या अधीक्षकांना एकदा विचाराच.

आबा ७९, सीओपीडीचे, म्हणजे फुप्फुसांच्या जुनाट धापेच्या आजाराचे, पेशंट. दोनदा व्हेंटिलेटर झालाय. परवा कॅज्युअल्टीत शुद्धीवर होते, म्हणाले, आता मशीन नको. डॉक्टरांनी आम्हा भावांची सही मागितली. आबांच्या बोलण्याला काही किंमत नाही का? (कराड)

किंमत त्यांच्याच बोलण्याला आहे. शुद्धीवरच्या सज्ञान माणसाने उपचार नाकारले तर तिथे मंडळ लागत नाही, मॅजिस्ट्रेट लागत नाही, मुलांची सहीही लागत नाही. डॉक्टर ती मागतात ते उद्याच्या भांडणाच्या भीतीने, आणि ती भीती सगळीच खोटी नसते.

मात्र एक मेख आहे. सीओपीडीत रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला की माणूस पेंगतो, चिडतो, तोंडावरचा मास्क ओढून काढतो. तो नकार नव्हे. म्हणून आधी तासभर बायपॅप लावून बघतात. तो तोंडावर घट्ट बसणारा मास्क असतो, घशातली नळी नसते. ऑक्सिजनही बेताने, पातळी ८८ ते ९२ मध्ये राहील इतकाच. जास्त दिल्याने गुंगी वाढते. जरा हुशारी आली की पुन्हा विचारायचं. आबांना काय होतंय ते समजलंय का, ते लक्षात राहतंय का, मशीन घेतलं तर काय आणि नाही घेतलं तर काय हे तोलता येतंय का, आणि निर्णय सांगता येतोय का? चारही होत असेल तर डॉक्टरांनी त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहावेत (‘नळी नको, मास्क चालंल’), खाली आबांची सही किंवा अंगठा आणि परिचारिकेची साक्ष. तुम्ही भावांनी फक्त ‘हे आमच्यासमोर म्हणाले’ एवढी सही करा.

आत्याला मोठा ब्रेन हॅमरेज झाला. अकरा दिवस व्हेंटिलेटरवर आहेत. डॉक्टर म्हणतात सुधारणा होणार नाही. मशीन काढा म्हटलं, तर म्हणतात, ‘आम्हाला काढता येत नाही. तुम्ही लिहून द्या आणि घरी न्या.’ लिव्हिंग विल केलेलं नाही. (तासगाव)

याला रुग्णालयात ‘डामा’ म्हणतात : डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज. सल्ला त्यांचाच, आणि सही मात्र तुम्ही ‘सल्ल्याविरुद्ध’ची करायची! आपल्याकडे हा इतका रुळलाय की कुणाला त्यात वावगं वाटेनासं झालंय. त्यात प्रत्यक्ष होतं काय? ॲम्ब्युलन्समध्ये कुणीतरी पाच-सहा सेकंदांनी एकदा अंबू बॅग (हाताने श्वास देण्याची पिशवी) दाबत बसतो. घराच्या दारात पिशवी सुटते, नळी निघते. मग आत्या श्वासासाठी धडपडतात, कधी दहा मिनिटं, कधी सकाळपर्यंत, आणि जवळ ना औषध ना डॉक्टर.

लिव्हिंग विल नसेल तरी न्यायालयाची पद्धत लागू आहे. फक्त कागदात नाव असलेल्याऐवजी जवळच्या नातेवाइकांची संमती घेतात. पहिल्या मंडळात उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयाचे, किमान पाच वर्षं अनुभवाचे, दोन तज्ज्ञ. दुसऱ्यात पहिल्यात नसलेले तसेच दोन तज्ज्ञ आणि जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला एक डॉक्टर. मंडळं रुग्णालयानेच नेमायची. दोघांचं एकमत झालं की रुग्णालय प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवतं. परवानगीची वाट बघत बसायचं नसतं, कळवायचं असतं. सगळं सुरळीत झालं तर हे काम आठवड्याच्या आत होतं. अडतं ते बहुधा सरकारी प्रतिनिधीपाशी. म्हणून रुग्णालयाने पहिलं मंडळ बसण्याच्या दिवशीच सिव्हिल सर्जनच्या कार्यालयाकडे नाव मागणारं पत्र पाठवावं. लहान रुग्णालयात पाच तज्ज्ञ नसतात, हे खरं. बाहेरून बोलावता येतात, आणि सांगली-मिरजेत न्यूरोचे किंवा आयसीयूचे डॉक्टर मिळत नाहीत असं कुणी म्हणू नये.

तुम्ही एक लेखी अर्ज द्या : ‘आमच्या आत्याचा जीवरक्षक उपचार थांबवण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या २४ जानेवारी २०२३ च्या आदेशानुसार प्राथमिक वैद्यकीय मंडळ नेमावे.’ पोच घ्या. पुष्कळ ठिकाणी हा आदेश कुणी उघडून वाचलेलाच नसतो. अर्जाने तो वाचला जातो. दुसऱ्या मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालयात जाता येतं, आणि ऑगस्ट २०२५ पासून सांगली-साताऱ्यासाठी कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे. मुंबई गाठायची गरज नाही.

मशीन काढण्याची पण रीत असते. स्नायू शिथिल करणारं औषध चालू असेल तर ते आधी पूर्ण उतरू द्यायचं, नाहीतर त्रास झाला तरी चेहऱ्यावर दिसत नाही. मॉर्फिन आणि मिडाझोलाम आधी द्यायचं, अलार्म बंद करायचे, माणसांना आत घ्यायचं, मग नळी. त्यानंतर मिनिटं, तास, क्वचित दिवसही जातात. त्या काळात परिचारिका जवळ असते, आणि घरी नेण्यात नेमकं हेच हातून जातं.

हॅमरेज अपघाताचा असेल, तर पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन होणारच. मंडळाच्या निर्णयाने ते टळत नाही.

आजींना सल्लेखना (अन्नपाणी सोडत देह ठेवण्याचं जैन व्रत) घ्यायची आहे. लिव्हिंग विलमध्ये ते लिहिता येईल का? (सांगली)

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये सल्लेखनेवर बंदी आणली होती. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. व्रत हा धर्माचा आणि मुनिमहाराजांशी बोलण्याचा विषय. लिव्हिंग विलमध्ये वैद्यकीय तेवढंच लिहा : शेवटच्या आजारात सलाइन नको, नाकातून नळी नको. डॉक्टरला व्रताचा अर्थ लावता येत नाही, नळीचा लावता येतो.

मोबाइलमध्ये फोटो ठेवला तर चालेल का? (मिरज)

वाट दाखवायला चालेल. मंडळासमोर मूळ कागद किंवा कस्टोडियनकडची प्रत लागते. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकदा टाकून पिन करा, म्हणजे परदेशातला मुलगा ‘मला कुणी विचारलंच नाही’ असं म्हणायचा नाही.

अण्णांना तोंडाचा कॅन्सर, मानेत आणि फुप्फुसात पसरलेला. डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हटलंय, अण्णांनाही दवाखाना नको. रात्री काही झालं तर १०८ बोलवायची का? शेजारी म्हणतात, घरी वारले तर पोलीस येतात. (आटपाडी)

आधी पोलिसांचं. ओळखीच्या आजाराने, उपचार चालू असताना घरी मृत्यू आला, तर अण्णांना बघत असलेले डॉक्टर मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र देतात. रुग्णालयाबाहेरच्या मृत्यूसाठी तो नमुना ४अ. त्यावर ग्रामपंचायतीत किंवा नगरपंचायतीत २१ दिवसांत नोंद करायची. पोलिसांचा संबंध येत नाही. येतो तो उलट केल्याने : श्वास थांबल्यावर घाबरून जीपमध्ये घालून कॅज्युअल्टीत नेलं, तर तिथल्या डॉक्टरला अण्णा कोण, आजार काय, काहीच माहीत नसतं. तो ‘मृतावस्थेत आणले’ लिहितो, चौकीला कळवतो, आणि शवविच्छेदनाची वेळ येऊ शकते. म्हणून गावातल्या डॉक्टरांना या आठवड्यातच घरी बोलावून अण्णांना दाखवा. बायोप्सीचा आणि शेवटच्या स्कॅनचा रिपोर्ट त्यांच्याकडे द्या आणि सरळ विचारा, ‘रात्री-अपरात्री झालं तर तुम्ही याल का, सर्टिफिकेट द्याल का?’ ते नाही म्हणाले तर आत्ताच दुसरे बघता येतील.

घरी काय लागेल : मॉर्फिनच्या गोळ्या डॉक्टरांनी दर चार तासांनी सांगितल्या असतील, तर दुखणं नसतानाही घड्याळाप्रमाणेच द्यायच्या. मधेच कळ उठली तर जादा डोस किती, ते लिहून घ्या. साधारण दिवसभराच्या एकूण मॉर्फिनचा सहावा भाग असतो. पोट साफ होण्याचं औषध रोज रात्री, न चुकता. मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतंच, आणि पोट कडक झालं की लोक मॉर्फिनलाच दोष देऊन ते बंद करतात. गिळता येईनासं होईल तेव्हा औषध कातडीखालच्या सुईतून देता येतं. ती सुई कोण लावणार, हे आत्ताच ठरवा.

मानेतली गाठ फुटून एकदम रक्तस्राव होऊ शकतो. हे ऐकायला कठीण आहे, पण माहीत असलेलं बरं. दोन-तीन गडद रंगाचे टॉवेल उशाशी ठेवा, पांढरे नकोत. पांढऱ्यावर तेवढंच रक्त चौपट दिसतं आणि सगळं घर हादरतं. कुशीवर वळवायचं, टॉवेल दाबून धरायचा, डॉक्टरांनी देऊन ठेवलेलं झोपेचं औषध द्यायचं आणि हात धरून बसायचं.

शेवटच्या एक-दोन दिवसांत घशात घरघर सुरू होते. त्याचा त्रास ऐकणाऱ्याला जास्त होतो. कुशीवर वळवून डोकं थोडं उंच करा, सक्शन नको. मधे वीस-तीस सेकंद श्वास थांबून पुन्हा सुरू होतो. सलाइनने या वेळी ताकद येत नाही, उलट छातीत पाणी होऊन घरघर वाढते. ओठ सुकतात तेवढे ओल्या फडक्याने पुसत राहा.

१०८ मुळीच बोलवायची नाही असं नाही. पडून हाड मोडलं, लघवी तुंबली, फिट थांबेना, जादा डोस देऊनही कळ आवरेना, तर खुशाल बोलवा. आराम मिळवायला दवाखान्यात जाणं अण्णांच्या इच्छेविरुद्ध नाही. श्वास मंदावत जाऊन थांबण्यासाठी मात्र नको. भिंतीवर मोठ्या अक्षरांत फोन नंबर लावताना पहिला गावच्या डॉक्टरांचा, दुसरा कॅन्सर हॉस्पिटलच्या परिचारिकेचा लिहा, १०८ सर्वांत खाली. आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवा, फोन लावायचा तर पहिला नंबर लावा.